चार ओळी तशाच ठेवा

जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी नोकरीभर विज्ञान शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी घरची शेती पाहिली. 'आधुनिक जगावर विज्ञानाचा प्रभाव' हा निबंध मुलांकडून दरवर्षी लिहून घेतला. त्यात वाफेचं इंजिन असायचं, चंद्रावर गेलेला माणूस असायचा आणि शेवटी 'शाप की वरदान' असायचं. जालना मात्र कधीच नसायचा. विज्ञानाने माणसाचं जगणं कुठे बदललं, विचार करणं कुठे बदललं आणि कुठे दोन्हींतलं काहीच बदललं नाही, हे पाहायला आमच्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला तरी दुसरी दिसलेली नाही. जे दिसलं ते आकडे घालून लिहितो. आकडे सोयीसाठी आहेत, त्यात लहानमोठं काही नाही.

१. बी घरात येतं, त्यामागचं कारण उंबऱ्यावर थांबतं

जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे 'महिको' काढली. त्याआधी ते 'पुसा सावनी' या भेंडीच्या सरकारी वाणाचं बी तयार करत. सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाणही त्याच १९६४ चा. पुढे बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आजूबाजूला आणखी बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. भोकरदन, जाफराबाद आणि हद्दीपलीकडचं देऊळगाव राजा या पट्ट्यातली गावंच्या गावं कंपन्यांसाठी बी पिकवायचे 'सीड प्लॉट' घेऊ लागली.

हायब्रीड ज्वारी आली तेव्हा म्हातारी माणसं नाक मुरडायची. भाकरीला चव नाही, ताट बुटकं, कडब्याला बैल तोंड लावत नाहीत, काढणीच्या वेळी पाऊस आला की कणीस काळं पडतं. यातली एकही तक्रार खोटी नव्हती. पण पोतं भरत होतं, आणि बहात्तरच्या दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी खाल्लेल्या माणसांना भरलेलं पोतं पुरेसं होतं.

पंचाईत झाली ती बी धरण्याची. चांगलं कणीस निवडायचं, राखेत घोळून ठेवायचं आणि पुढच्या साली पेरायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हायब्रीडचं बी असं धरून पेरलं की दुसऱ्या वर्षी एक ताट कमरेला तर शेजारचं डोक्यावर. गावाने सरळ निदान केलं: कंपनी बियाण्यात औषध घालते, म्हणजे दरवर्षी तिच्याच दारात जावं लागतं.

मी तेव्हा दहावीला मेंडेल शिकवत होतो. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर, पहिली पिढी सगळी उंच, दुसऱ्या पिढीत तीन उंचांमागे एक बुटका. १८६६ साली छापलेला त्याचा निबंध १९०० पर्यंत धूळ खात पडला होता, ही गोष्ट मुलांना मेंडेलच्या नियमापेक्षा जास्त आवडायची. शाळेमागच्या तुकड्यात आम्ही पिशवीतलं बी आणि घरी धरलेलं बी शेजारी शेजारी लावलं. मुलांनी ताटांच्या उंच्या मोजून वहीत लिहिल्या आणि वह्या घरी गेल्या. एका मुलाचे आजोबा वही घेऊन शाळेत आले.

"म्हणजे औषध नाही घालत ते?"

"नाही, बाबा."

"मायबापच दोन जातींचे, म्हणून नातवंडं अशी नाना परीची. असंच ना?"

मेंडेल इतक्या कमी शब्दांत मला आजवर सांगता आलेला नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "पण पैसे दरसाली घेतात, हे तं खरंच हाय." तेही खरंच होतं. कारण समजलं म्हणून तक्रार संपत नाही. फक्त तिचा पत्ता बदलतो.

२. मृग बरोबर, कोल्हा चूक

जुनं सगळं थोतांड म्हणणारा माणूस मला अंधश्रद्ध माणसाइतकाच आळशी वाटतो. दोघांनीही तपासलेलं नसतं.

पावसाची नक्षत्रं सूर्यावरून धरतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनच्या आसपासच लागतो. सूर्य ठरल्या जागी आला की ऋतूही ठरल्या वेळी येतो. ज्यांनी पेरणीचं गणित नक्षत्रांवर बसवलं त्यांनी आभाळ मन लावून पाहिलं होतं. पण त्याच पंचांगात नक्षत्राला वाहनही दिलेलं असतं: कोल्हा, मोर, म्हैस, बेडूक. बेडूक आला की पाऊस बरा, असं समजायचं. हे वाहन ठरतं ते सूर्याच्या आणि चंद्राच्या नक्षत्रांमधलं अंतर नवाने भागून उरलेल्या बाकीवरून. या भागाकारात ढग कुठेही येत नाही. शेजारच्या बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते आणि तिचं भाकीत ऐकायला आमच्याकडचेही लोक जातात. यात्रा म्हणून ती मलाही आवडते.

शाळेत सरळ भिंतीचा एक डबा आणि पट्टी घेऊन आम्ही पाऊस मोजत होतो. वहीत एका रकान्यात नक्षत्राचं वाहन, दुसऱ्यात पडलेला पाऊस. काही पावसाळ्यांच्या नोंदी जमल्यावर एका मुलीने निकाल जाहीर केला: "सर, मृग बरोबर आहे, कोल्हा चूक आहे." पंचांगाचं इतकं नेमकं परीक्षण मी छापील लेखातही वाचलेलं नाही.

हवामान खात्याकडेही लोक याच वाहनाच्या डोळ्यांनी पाहतात. 'पावसाची शक्यता' ऐकायचं आणि पाऊस नाही आला की 'खातं खोटं बोललं' म्हणायचं. शक्यता म्हणजे काय, हे शिकवणं मेंडेलपेक्षा अवघड आहे. त्यापेक्षा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा साधा सल्ला गावात लवकर रुजला: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यात भविष्य नाही, मोजमाप आहे. दुबार पेरणीचे पैसे ज्याच्या खिशातून गेलेत त्याला मोजमाप लवकर पटतं.

३. पासष्ट मिलिमीटर

माझ्या लहानपणी पावसाची मापं वेगळी होती. ढेकूळ विरघळवणारा, वापसा देणारा, बांध फोडणारा. आता पारावर बसलेला माणूस म्हणतो, "रात्री त्रेसष्ट झाला, दोनाने गेलो." चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात आणि पंचनामे, भरपाई, विमा सगळं तिथून सुरू होतं. मिलिमीटर हा शब्द आमच्या गावांत पाठ्यपुस्तकातून आला नाही. तो तलाठ्याच्या यादीतून आला.

यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. जुलैतला पाऊस रस्त्याच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला धूळ उडत असते. मग लोक विचारू लागले की पाऊस मोजायचं यंत्र आहे कुठे, ते झाडाखाली तर नाही, एका यंत्राने इतक्या गावांचा पाऊस कसा कळतो, आमच्या शिवारात यंत्र का नाही. नमुना किती मोठा घ्यावा आणि कुठून घ्यावा, हा संख्याशास्त्रातला मूळ प्रश्न. त्यांना तो कुणी शिकवला नव्हता. भरपाईच्या रांगेत उभं राहून तो त्यांनी स्वतः शोधला. स्वार्थातून आलेला प्रश्न असला तरी तो प्रश्नच असतो, आणि निबंधातल्या 'वैज्ञानिक दृष्टिकोना'पेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

४. नारळ फोडा, पण त्याला जागा विचारू नका

आमच्या पायांखाली बेसॉल्ट आहे. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मध्येच कुठे गेरूचा तांबडा थर. पाणी असतं ते झिजलेल्या थरात, फटींत, लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. पाषाणाच्या पोटात ते नसतं.

बोअर घ्यायची तर आधी पाणाडी येतो. कुणाच्या तळहातावर नारळ उभा राहतो, कुणाच्या हातातली बेचक्याची फांदी खाली वाकते, कुणाकडे तांब्याच्या तारा असतात. माणसं बहुतेक प्रामाणिक असतात. फांदी खरंच वाकते, कारण मनात अपेक्षा असली की मनगट नकळत हलतं. शेतकरी सांगतो, "पाच जागी दाखवलं, तीन जागी लागलं." मी विचारतो की पाणाड्याने नाही म्हटलेल्या जागी किती जणांनी खोदून पाहिलं? तिथे गप्पा थांबतात. बेसॉल्टच्या वरच्या झिजलेल्या थरात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतंच. त्यामुळे पाणाड्याची परीक्षा पाणी लागण्यावर होत नाही. त्याच्यावाचून जितकं लागलं असतं त्यापेक्षा जास्त लागलं का, यावर ती होते.

अशी परीक्षा जर्मनीत झालेली आहे. १९८० च्या दशकात म्युनिकजवळच्या एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ एका रेषेत सरकवत ठेवला आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यांना त्याची जागा ओळखायला लावली. प्रयोग करणाऱ्यांना त्यातले मोजके पाणाडी खरे वाटले. नंतर तेच आकडे दुसऱ्या शास्त्रज्ञाने तपासले, तेव्हा अंदाजाने बोट ठेवण्यापलीकडे त्यात काही निघालं नाही.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. जमिनीत वीज सोडून थरांचा रोध मोजण्याची पद्धत आहे. तीही चुकते, पण किती चुकते ते सांगता येतं. एका शेजाऱ्याला हे समजावत होतो तर तो म्हणाला, "सर, मशीन चुकलं तर मशीनवाला फोन उचलत नाही. पाणाडी चुकला तर घरी येऊन चहा तरी घेतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विज्ञानाची माणसं चुकल्यावर परत येत नाहीत, ही तक्रार मी पुढेही बरीच ऐकली.

मला खटकतं ते वेगळंच. बोअरची गाडी म्हणजे उत्तम अभियांत्रिकी. दाबाची हवा, कठीण धातूचा बिट, पाहता पाहता पाचशे-सहाशे फूट. या यंत्राने कुठे खोदायचं हे ठरवणार नारळ. गाडीपुढे नारळ फोडला तर माझं काही म्हणणं नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसांना खोबरं मिळतं. आणि किती खोल जायचं हे ठरवणार शेजाऱ्याची बोअर: तो चारशे, तर मी पाचशे. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यात शेतीच्या खोल विहिरींना साठ मीटरची, म्हणजे साधारण दोनशे फुटांची मर्यादा आहे, हे गाडीवाल्यालाही माहीत असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपणाला घातल्या. तेव्हा बोअरच्या गाड्यांना रात्रंदिवस उसंत नव्हती. सगळ्यांचे पाइप एकाच पाण्यात होते.

५. कडवंचीत नवं यंत्र काहीच नव्हतं

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा उभ्या होत्या. लोक गाड्या करून बघायला जात. मीही मुलांना घेऊन गेलो. मुलांची निराशा झाली, कारण पाहण्यासारखं 'सायन्स' तिथे दिसेना. डोंगरउतारावर चर, शेतांना बांध, नाल्यावर छोटे बंधारे. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मंडळींनी गावाला बरोबर घेऊन हे काम केलं.

विज्ञान होतं ते कामाच्या क्रमात. आधी माथा, मग पायथा. आधी वरचे चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाला. प्रत्येकाला बंधारा आपल्या विहिरीजवळ आणि लगेच हवा असतो. पण वरची माती अडवली नाही तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने भरणार. पाणी वरून खाली येतं आणि ते सरपंचाचं शेत पाहून थांबत नाही, एवढी साधी गोष्ट गावाला एकमताने मान्य करायला लावणं हे चर खोदण्यापेक्षा कष्टाचं काम असणार.

खरपुडीला दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. तिथे एखादा शेतकरी उठून तज्ज्ञाला "तुम्ही सांगितलं ते आमच्या रानात नाही झालं" असं सांगतो आणि तज्ज्ञ त्याला जमीन कोणती, तारीख कोणती, किती टाकलं ते विचारतो. दोघांचाही आवाज चढत नाही. आमच्या जिल्ह्यात विज्ञानाचा संस्कार कुठे झाला असं विचारलं तर मी शाळेआधी या सभेचं नाव घेईन.

कडवंचीची नक्कल करताना मात्र लोकांनी शेततळं तेवढं उचललं. प्लास्टिक अंथरलेलं मोठं तळं, आणि ते भरायचं पावसाने नव्हे, विहिरीतून मोटर लावून. जमिनीच्या पोटात सावलीत राहिलेलं पाणी काढून उन्हात वाफ व्हायला ठेवायचं. अनुदान मिळतं, फोटो चांगला येतो.

६. यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं

हा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यावर फार बोललं की लोक माना डोलावतात आणि घरी जातात. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ चाच. ज्या घरांत सोनोग्राफीच्या यंत्रावर इतका विश्वास होता, त्याच घरांत मुलगा होण्यासाठी अंगारेही चालू होते. यंत्र नवं, हेतू जुना, आणि दोघांचं उत्तम जमलं. पोटातलं दिसायला लागलं म्हणजे दृष्टी आली, असं समजणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

७. डार्विन बोंडातून आला

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. पहिले तिन्ही वाण महिकोचे, म्हणजे जालन्याचे. ज्या जिवाणूचा जनुक त्यात घातला तो १९०१ साली जपानच्या इशिवातांना रेशमाचे किडे मारणाऱ्या रोगात सापडला होता. पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव दिलं. गंमत अशी की त्याच जालन्यात आज रेशीम कोषांची बाजारपेठही भरते. रेशमाच्या अळीचा वैरी आणि रेशमाची अळी, दोघांनाही आमच्या जिल्ह्याने पोटापाण्याला लावलं.

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली. नव्वदीच्या दशकात अमेरिकन बोंडअळीवर फवारून फवारून माणसं हैराण झाली होती. बीटीनंतर अळीसाठीचा पंप बराच काळ खुंटीला राहिला. जे हे नाकारतात त्यांनी तेव्हा पाठीवर पंप घेतलेला नसावा.

पण बियाण्याच्या खोक्यात ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर एक छोटी पिशवी यायची, १२० ग्रॅमची, बिनबीटी कापसाची. ती कडेने लावायची. लोकांनी तिला 'रेफ्युजी' नाव ठेवलं आणि बांधावर फेकून दिलं. एक जण मला म्हणाला, "अळ्यांला चारायला मी येगळा कापूस कामून लावू?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की त्या कापसावर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटी पचवलेल्या थोड्या पतंगांशी जोडी जमवतात आणि त्यामुळे पचवणाऱ्यांची जात लवकर वाढत नाही. म्हणजे आज तोटा त्या एकट्याचा आणि उद्याचा फायदा साऱ्या शिवाराचा. असा हिशोब पिशवीवर बारीक अक्षरात छापून पटत नसतो. २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. त्यावरही पाणी असेपर्यंत फरदड घ्यायची, वेचणी संपल्यावरही तीच झाडं राखायची चाल सुरूच राहिली, म्हणजे गुलाबी बोंडअळीला मार्चपर्यंत जेवणाची सोय. २०१७ मध्ये राज्यभर कापसात डोमकळ्या दिसल्या आणि बोंडं फोडली की आत गुलाबी अळी.

माकडापासून माणूस झाला हे ऐकून माझ्यावर रागावलेली माणसं गावात होती. त्याच माणसांनी पंधरा वर्षांत स्वतःच्या शेतात उत्क्रांती घडताना पाहिली. 'बियाणं बोगस निघालं' असं ते म्हणत होते. मी म्हणत होतो की बियाणं तेच आहे, अळी तीच राहिली नाही. काहींना ते पटलं. ते आता डिसेंबरात कापूस उपटतात आणि कामगंध सापळे लावून पतंग मोजतात.

बीटी वांग्याचं प्रकरणही जालन्याचंच. ऑक्टोबर २००९ मध्ये समितीची परवानगी, फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जयराम रमेश यांची स्थगिती. तेच वांगं बांगलादेशचे शेतकरी २०१४ पासून लावतात. माझं मत विचाराल तर स्थगिती देणं गुन्हा नव्हता. पण स्थगितीनंतर करायचे खुले, लांब मुदतीचे प्रयोग झाले नाहीत, याचं दुःख दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना झालेलं मला दिसलं नाही.

८. 'फरक बघा' म्हणणाऱ्याला काय सांगायचं

आता हंगामात बांधावर कुणी ना कुणी बाटली घेऊन उभा असतो. संजीवक, टॉनिक, जिवाणू, दशपर्णी, मंतरलेली राख. रासायनिकवाला असो की सेंद्रियवाला, वाक्य एकच: "साहेब, मारा आणि फरक बघा." बघायचा कशाशी, हे कुणी सांगत नाही. सगळ्या रानात मारलं आणि पीक चांगलं आलं तर ते बाटलीमुळे, की त्या वर्षीच्या पावसामुळे?

माझ्याकडून विज्ञान शिकून गेलेल्या आणि आता शेती करणाऱ्या पोरांना मी एकच सांगत आलो. मध्यातल्या चार ओळी तशाच ठेवा. कडेच्या नकोत, तिथे ऊन-वारा वेगळा. कोणत्या ठेवायच्या ते चिठ्ठी टाकून ठरवा, कारण आपण निवडायला गेलो की नकळत रोगट ओळी सोडतो. काढणी झाल्यावर वेगळं तोला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतावर फिशर यांनी १९२० च्या दशकात हीच शिस्त बसवली. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन-७११ सारखा तुरीचा वाण शेतकऱ्यापर्यंत येतो तोही जुन्या वाणाच्या शेजारी लावून, तोलून.

सांगायला सोपं आहे, करणारे थोडे. एका पोराने सोयाबीनवर हे केलं. टॉनिकच्या ओळी आणि सोडलेल्या ओळी वजनाला सारख्याच. पुढच्या वर्षी जीवामृतावर केलं, तेही सारखंच. पहिल्या वर्षी दुकानदार रुसला, दुसऱ्या वर्षी सेंद्रिय गटातले मित्र. त्याचे वडील तर दोन्ही वर्षी रागावले होते: "चार ओळींचं नुकसान झालं असतं तर कोणी भरून दिलं असतं?" मला वाटतं सगळी मेख या प्रश्नात आहे. शंका घ्यायला खर्च येतो. ज्याचं एका हंगामावर वर्ष अवलंबून आहे त्याने तो खर्च करावा असं म्हणणाऱ्याने आधी त्या चार ओळींचे पैसे बाजूला काढावेत. ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी गटाने असा छोटा निधी ठेवला तर बाटल्यांवर जाणारा पैसा किती वाचेल, याचा हिशोब मी आमच्या गावात दोनदा मांडून पाहिला आहे. टाळ्या मिळाल्या.

९. निकाल दाखवला नाही तर अंगारा आणि अहवाल सारखेच

सीड प्लॉटवरचं खरं काम म्हणजे क्रॉसिंग, आणि ते बायकांच्या हातचं. शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोची कळी उमलायच्या आत चिमट्याने नर काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पोलन लावायचं, खूण म्हणून दोरा बांधायचा. चिमटा जरा उशिरा लागला की कळी स्वतःच फळते, मग ते बी 'सेल्फ'चं. परागकण, कुक्षी हे शब्द मी फळ्यावर लिहायचो. या बायका रोज हजार कळ्यांत ते हाताळतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी शाळा अर्ध्यात सोडलेली.

बी कंपनीकडे गेलं की त्याची जीओटी होते. लॉटमधलं थोडं बी लावून त्यात परक्या जातीची झाडं किती निघतात ते मोजतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली की लॉट नापास आणि पैसे बुडाले. चाचणी चांगली आहे, शेजारी लावून मोजण्याचीच ती मोठी आवृत्ती. पण ती कुठेतरी लांब होते आणि शेतकऱ्याला फोन येतो: "फेल." आमच्या घरचाही एक लॉट असाच गेला. प्लॉट बघू द्या म्हटलं तर तशी पद्धत नाही, असं उत्तर आलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे उत्तर बऱ्याच जणांना बऱ्याच ठिकाणी मिळालेलं आहे. लॉट पास झाला तर कुणी काही विचारत नाही, फेल झाला तर गावात लगेच नव्या कथा तयार होतात: बाजारभाव पडला म्हणून फेल केलं, अमक्याचा वशिला होता म्हणून पास केलं. खरं काय ते ना त्यांना माहीत, ना मला. पूर्वी 'कंपनी औषध घालते' म्हणणारे लोक आणि हे लोक यांत मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही पिकापासून लांब ठेवलेलं आहे.

आमच्याकडे क्रॉसिंगला येणाऱ्या एका मावशींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सर, मला त्या प्लॉटात नेऊन उभं करा. सेल्फचं झाड मी पान पाहून दाखविते. आमचं चुकलं असंल तर आम्हीच सांगू की." हे काम करणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. म्हणून गावातल्या सीड प्लॉटवाल्यांनी करारात एक अट लिहून मागायला सुरुवात केली आहे: जीओटीच्या मोजणीची तारीख आधी कळवायची आणि शेतकऱ्याबरोबर क्रॉसिंग करणाऱ्या दोघी जणींना प्लॉटवर येऊ द्यायचं, जाण्यायेण्याचा खर्च आमचा. दोन कंपन्यांच्या माणसांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. तिसरीचा माणूस अटीचा कागद घडी करून खिशात घालून घेऊन गेला, वर विचारून सांगतो म्हणाला. मिरचीच्या लागवडीआधी त्याचं उत्तर आलं नाही तर या हंगामात प्लॉट घ्यायचा की नाही, यावर आमच्यात अजून दोन मतं आहेत.